क्रूझरच्या सांगाड्यावर उभ्या राहिलेल्या विमानवाहू नौका

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने क्रूझर बांधता बांधता त्यांच्या विमानवाहू नौका केल्या, असे वाचले. असे का करावे लागले आणि ही पद्धत पुढे का टिकली नाही? (एक वाचक, सातारा)

उत्तर : क्रूझर म्हणजे तोफांनी सज्ज वेगवान युद्धनौका. क्लीव्हलँड वर्गातील, म्हणजे त्या एका आराखड्यावर बांधल्या जाणाऱ्या, नऊ हलक्या क्रूझर गोदीत असतानाच त्यांवर धावपट्टी चढवण्यात आली आणि इंडिपेन्डन्स वर्ग जन्माला आला. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 1941 मध्येच ही कल्पना लावून धरली होती. परंतु अशी नौका फार तोकडी पडेल, या कारणाने नौदलाच्या मंडळाने ती नाकारली. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर तो विरोध मावळला. 1942 च्या मे ते ऑक्टोबर या काळात लेक्सिंग्टन, यॉर्कटाउन, वॉस्प आणि हॉर्नेट या चार विमानवाहू नौका पॅसिफिकमध्ये गमावल्या गेल्या, तर नव्या एसेक्स वर्गातील पहिली नौका त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी नौदलात दाखल झाली.

व्यापारी जहाजांच्या धर्तीवरील छोट्या विमानवाहू नौका लवकर बांधता येत असत, पण वेगवान ताफ्याबरोबर धावणे त्यांना शक्य नव्हते. क्रूझरचा सांगाडा 31 नॉट्सच्या (ताशी सुमारे 57 किलोमीटरच्या) आसपास वेग देत असे, आणि माझ्या मते याच एका गुणामुळे त्याचे बाकीचे सारे दोष पत्करणे योग्य ठरले. दोष लहान नव्हते. वर वाढलेल्या वजनाने तोल जाऊ नये म्हणून दोन्ही कुशींना फुगवटे जोडावे लागले, आणि एसेक्सवर 90 च्या आसपास विमाने राहत असताना येथे जेमतेम 30 मावत. तरीही या नऊही नौका 1943 या एकाच वर्षात सेवेत आल्या, आणि जून 1944 मधील फिलिपीन समुद्राच्या लढाईत अमेरिकेच्या 15 वेगवान विमानवाहू नौकांपैकी आठ याच वर्गातील होत्या.

युद्धात यांपैकी एकच नौका बुडाली. 24 ऑक्टोबर 1944 रोजी फिलिपीन्समधील लेयटेच्या लढाईत प्रिन्स्टनवर एक बॉम्ब पडून आग भडकली. ती विझवण्यास बर्मिंगहॅम ही क्लीव्हलँड वर्गातीलच क्रूझर अगदी लगत आली असताना प्रिन्स्टनच्या मागील भागातील दारूगोळ्याचा स्फोट झाला, आणि खुद्द प्रिन्स्टनपेक्षा अधिक, 200 हून जास्त, माणसे बर्मिंगहॅमवर मृत्युमुखी पडली.

युद्धानंतर जड जेट विमाने आली आणि त्यांना ही आखूड धावपट्टी पुरेना. बाल्टिमोर वर्गाच्या अवजड क्रूझरच्या आराखड्यावर आधारलेल्या सायपॅन व राइट या दोन नौका युद्ध संपल्यावर सेवेत आल्या खऱ्या, मात्र पुढे त्यांचे रूपांतर संदेशवहन व नियंत्रणाच्या नौकांमध्ये करण्यात आले.