यांग वेन-लीनं व्हर्मिलियनला तोफा का थांबवल्या?

तुम्ही ‘लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’ या अंतराळयुद्धाच्या जपानी अॅनिमे मालिकेचे सगळे 110 भाग संपवलेत आणि विचारलंय की व्हर्मिलियनच्या लढाईत साम्राज्याचा सर्वेसर्वा राइनहार्डचं जहाज तोफांच्या टप्प्यात असताना लोकशाही आघाडीचा सेनापती यांगनं सरकारचा युद्धबंदीचा हुकूम मानलाच का. थोडा उशीर केला असता तर राइनहार्ड संपला असता. मग त्याला थोर सेनापती का म्हणायचं?

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझाही असाच संताप झाला होता. नंतर योशिकी तानाकांच्या मूळ कादंबऱ्या वाचल्या आणि मत बदललं. यांगची नोकरी पहिल्या दिवसापासून पाहिली की हा निर्णय कळतो.

त्याला सैनिक व्हायचंच नव्हतं. इतिहास शिकायचा होता. व्यापारी वडील अपघातात गेले, त्यांनी हौसेनं जमवलेल्या पुराणवस्तू जवळजवळ सगळ्या नकली निघाल्या, शिक्षणाला पैसा उरला नाही. लष्करी अकादमीत युद्धाचा इतिहास फुकट शिकवत, म्हणून तो तिकडे गेला. पुढे तो विभागच बंद झाला आणि त्याची रवानगी रणनीतीच्या विभागात झाली.

मग 788 साली (मालिकेतल्या कालगणनेनुसार) एल फॅसिल ग्रह. यांग 21 वर्षांचा. त्याचा वरिष्ठ लिंच नागरिकांना वाऱ्यावर सोडून पळाला. शत्रू लिंचच्या मागे लागेल हे ओळखून यांगनं 30 लाख लोकांना जहाजांत बसवून बाहेर काढलं, तेही रडार चुकवण्याची काहीच सोय न करता. जे लपत नाही ते जहाज नसणार, उल्का असतील, असं साम्राज्याच्या लोकांनी धरलं! जिवंत अधिकाऱ्याला एकदम दोन पायऱ्या बढती द्यायची रीत नव्हती, म्हणून सकाळी त्याला लेफ्टनंट केलं आणि त्याच दिवशी काही तासांनी लेफ्टनंट कमांडर. लिंचची लाज झाकायला एक नायक हवा होता, तो मिळाला. मला वाटतं यांगची पुढची सगळी कारकीर्द या एका दिवसात दिसते. वरच्यांनी घाण करायची, यांगनं निस्तरायची आणि त्याबद्दल त्याला नको असलेली बढती घ्यायची.

अस्टार्टेच्या लढाईत तेच झालं. शत्रूच्या 20 हजार जहाजांसमोर आपली 40 हजार, पण तीन तुकड्यांत विखुरलेली. राइनहार्डनं त्यातल्या दोन एकेक करून संपवल्या. तिसरीचा सेनापती पेट्टा जखमी झाल्यावर कमोडोर यांगनं ती वाचवली. बक्षीस काय, तर रिअर अॅडमिरलचा हुद्दा, अर्धामुर्धा ताफा आणि साम्राज्याचा इझेरलोन किल्ला घेण्याचं काम. त्या किल्ल्यावरचे आधीचे सहा हल्ले फसले होते. यांगनं आपला अधिकारी शोनकोप्फ आणि त्याच्या माणसांना शत्रूच्या गणवेशात आत घुसवलं आणि आपला एकही माणूस न गमावता किल्ला घेतला.

इथे जरा थांबतो, कारण त्याच्या आयुष्यातली सगळ्यात दुःखाची गोष्ट मला हीच वाटते. वाट अडवणारा किल्ला हातात आला की तह होईल आणि आपल्याला निवृत्त होता येईल, असा त्याचा हिशेब होता. त्यानं राजीनामाही दिला होता. तो नामंजूर झाला. वर त्या विजयाची धुंदी चढून, निवडणूक तोंडावर आहे म्हणून, सरकारनं थेट साम्राज्यावर स्वारी केली. 3 कोटी सैनिक पाठवले, त्यातले 2 कोटी गमावले. रक्त न सांडता मिळवलेल्या विजयातून एवढा संहार निघाला आणि यांगला त्यावर पुन्हा बढती मिळाली.

आता 797. ‘देश वाचवायला’ म्हणून लष्करातल्याच लोकांनी राजधानी ताब्यात घेतली. त्यांचा म्होरक्या ग्रीनहिल, म्हणजे यांगची सहायक फ्रेडरिकाचे वडील. सरकार कितीही नालायक असलं तरी बंदूकवाल्यानं ते उलथायचं नाही, एवढ्याच तत्त्वावर यांग स्वतःच्या सहकाऱ्यांशी लढला आणि जिंकला. दोन वर्षांनी व्हर्मिलियनला शोनकोप्फ नेमकं तेच करायला सांगत होता: हुकूम धुडकाव, सत्ता घे. यांगचं उत्तर होतं की हे कपडे माझ्या मापाचे नाहीत. तोफ डागली असती तर ग्रीनहिलमध्ये आणि त्याच्यात फरक काय उरला असता? आणि तो आंधळेपणानंही वागला नाही. त्याच गडबडीत त्यानं साम्राज्यातून आपल्याकडे आलेल्या मेर्काट्झला काही जहाजं देऊन गुपचूप रवाना केलं होतं.

माझा यांगवर राग आहे, पण तो दुसऱ्या गोष्टीसाठी. उठाव मोडल्यावर सरकारप्रमुख ट्रूनिख्ट लोकांसमोर त्याचा हात हातात घेतो आणि यांग मनातल्या मनात जळत तो घेऊ देतो. त्या क्षणी सगळा देश त्याचं ऐकायला तयार होता. सत्ता न घेताही नागरिक म्हणून खरं बोलता आलं असतं. तो गप्प बसला आणि ट्रूनिख्टला मोकळं रान मिळालं. व्हर्मिलियनचा तो हुकूम याच ट्रूनिख्टनं काढला.

परत बघणार असाल तर व्हर्मिलियनकडे जाण्याआधी स्टेडियमचा भाग बघा, जिथे उठाववाल्यांचे सैनिक यांगची जुनी मैत्रीण जेसिका एडवर्ड्सला मारतात. मग व्हर्मिलियन लावा आणि हुकूम आल्यानंतरचा यांगचा चेहरा बघा.