वाचकांचे प्रश्न : थंडीत साडी परकराला का चिकटते?

प्रश्न : मी शिक्षिका असून शाळेत रोज जॉर्जेटची किंवा पॉलिस्टरची साडी नेसते. दिवाळीनंतर, विशेषतः जानेवारीतील गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, साडी परकराला आणि परकर पायांना इतका चिकटतो की चालताना निऱ्या पायांत अडकतात. रात्री साडी सोडताना चटचट आवाजही येतो. उन्हाळ्यात असे होत नाही. काय करावे?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : आपला परकर कोणत्या कापडाचा आहे हे आपण लिहिलेले नाही, परंतु तो सॅटिनचा किंवा हल्ली मिळणाऱ्या, अंगाबरोबर बसणाऱ्या ताणदार कापडाचा, म्हणजे पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्यांचा, असावा असे वर्णनावरून वाटते, आणि त्रासाचे मूळ बहुधा तिथेच आहे. दोन कापडे एकमेकांवर घासली की एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण विद्युतभार साचतो व ती एकमेकांना ओढून घेतात. सुती कापड सर्वसाधारण हवेत स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवते आणि त्या ओलाव्यातून हा भार निघून जातो. पॉलिस्टर अर्धा टक्काही ओलावा धरत नाही, त्यामुळे त्यावरचा भार जागच्या जागी राहतो. चटचट आवाज त्याच्याच बारीक ठिणग्यांचा असतो. त्याने अंगाला अपाय होत नाही.

उन्हाळ्यातील आपल्याकडची दुपारची हवाही काही दमट नसते, पण तेव्हा घामाने त्वचा आणि परकर दोन्ही किंचित ओलसर राहतात. थंडीत हवाही कोरडी आणि त्वचाही कोरडी, म्हणून त्रास वाढतो. आपल्या शहरातील यंत्रमाग चालवणाऱ्यांना हे नवे नाही : कोरड्या हवेत सूत तुटते आणि कृत्रिम धागे भारित होऊन एकमेकांना चिकटतात, म्हणून विणकामाच्या जागी हवा मुद्दाम दमट ठेवावी लागते.

तेव्हा पहिला आणि खरा उपाय म्हणजे पॉपलिनचा सुती परकर. साडी तितकी चापूनचोपून बसणार नाही हे खरे, परंतु तीन महिन्यांपुरती ही तडजोड करावी, असे आमचे मत आहे. साडी नेसण्यापूर्वी पायांना ग्लिसरीन असलेले मॉइश्चरायझर लावावे. ग्लिसरीन ओलावा धरते, नुसत्या खोबरेल तेलाचा तेवढा उपयोग होत नाही. कृत्रिम धाग्यांचे कपडे कडक उन्हात दिवसभर न ठेवता सावलीत वाळवावेत आणि वाळताच काढावेत. शाळेत असतानाच साडी चिकटू लागली, तर ओला हात झटकून परकरावरून, साडीच्या आतल्या बाजूने, वरून खाली फिरवावा. तास-दोन तास निभावून जातात. परकराला आतून सेफ्टी पिन लावण्याचा सल्ला अनेक जणी देतात. लावण्यास हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

प्रश्न : याच कारणासाठी मी धुण्यात फॅब्रिक कंडिशनर वापरू लागले. कपडे चिकटणे थांबले, पण घरातले सोलापुरी टॉवेल आता पाणी नीट टिपत नाहीत. टॉवेल खराब झाले का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : टॉवेल खराब झालेले नाहीत. कंडिशनरमधील द्रव्य धाग्यांवर पातळ थर धरते. त्यामुळे घर्षण कमी होते आणि भार साचत नाही, परंतु तोच थर टॉवेलच्या फासांना पाणी शोषू देत नाही. सुती टॉवेलला भार साचण्याची भीती जवळजवळ नसतेच, तेव्हा कंडिशनर फक्त कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांसाठी, तेही साबण पूर्ण निघाल्यावर शेवटच्या खळबळणीत वापरावे. साबणाबरोबर घातल्यास दोघांचाही गुण जातो. टॉवेल वेगळे काढून कंडिशनरशिवाय, गरम पाण्यात नेहमीच्या पावडरने काही वेळा धुवावेत. थर हळूहळू निघून जाईल.