बुद्धिबळात माझ्यापेक्षा ४०० रेटिंगने (खेळाडूची ताकद मोजणाऱ्या गुणांनी) वर असलेल्याशी डाव बरोबरीत सुटला. ही त्याची मेहेरबानी समजायची का? आणि पुन्हा असा डाव कसा वाचवायचा?

मेहेरबानी? हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

मी १६४०, समोरचा २०४०, क्लासिकल म्हणजे लांब वेळेचा डाव. पस्तिसाव्या चालीपर्यंत दोन प्यादी गमावून बसलो होतो. त्याच्याकडे पांढऱ्या घरांचा उंट आणि जी, एच या कडेच्या उभ्या रांगांतली दोन प्यादी. माझ्याकडे फक्त घोडा आणि राजा. मग दिसलं की एच-८, म्हणजे एच प्यादं जिथे पोचून वजीर होणार ते कोपऱ्यातलं घर, काळं आहे! घोडा देऊन जी प्यादं मारलं, त्याच्या राजाने घोडा घेतला आणि माझा राजा जाऊन कोपऱ्यात बसला. त्याचा उंट त्या घराला हातही लावू शकत नाही. प्यादं पुढे सरकवलं की स्टेलमेट (मला शह नाही, पण चालही नाही, म्हणून बरोबरी), नाही सरकवलं तर मी जी-८, एच-८ करत बसणार. पठ्ठ्याने अकरा मिनिटं विचार केला, मग आणखी तेवीस चाली खेळला आणि शेवटी हात पुढे केला. मला ८.४ रेटिंग गुण मिळाले.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "दमला असेल, सोडून दिलं तुला." आजही तेच म्हणतो.

४०० च्या फरकात दुबळ्याकडून शंभर डावांत आठ गुणांची अपेक्षा असते (विजयाला एक, बरोबरीला अर्धा). म्हणजे एकही न जिंकता सोळा बरोबऱ्या. हा चमत्कार नाही, हिशोब आहे.

आता तुमचं. "सगळी मारामारी करून पट रिकामा करा" हा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. वरच्या खेळाडूला तेच हवं असतं, कारण अंतिम खेळात तो तुम्हाला सावकाश पिळतो. मागे पडलात तर प्यादी मारामारीत घालवा, मोहरी ठेवा. चुकीच्या रंगाचा उंट (प्याद्याच्या शेवटच्या घरापर्यंत न पोचणारा, माझ्या डावातल्यासारखा) आणि कडेचं प्यादं ही स्थिती पाठ पाहिजे. आणि दर पाच चालींनी ड्रॉ मागू नका, पंच झापतो, आणि घाबरलात हे समोरच्याला कळतं ते वेगळंच.

हां, ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, यातलं फारसं लागू नाही, तिथे घड्याळच डाव वाचवतं किंवा बुडवतं. आणि तुमच्या त्या डावात प्रतिस्पर्ध्याने चौदाव्या चालीलाच ड्रॉ दिला असेल तर मेहेरबानी असूही शकते, मी तुमची स्कोअरशीट (चालींची नोंद) पाहिलेली नाही.

माझी मात्र घरात जपून ठेवलीय. सोडून देणारा माणूस त्या तेवीस चाली कशाला खेळेल, हे दादाने एकदा सांगावं.