आधी झाड मोज

प्रिय पोरी,

मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पडताना टीव्हीवर बघितलीस तेव्हा तू आठवीत होतीस, असं लिहिलंयस. ४ ऑक्टोबर २०१९. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. मी रस्त्यावरच होते. अंधारात दिसत काही नव्हतं, नुसता आवाज यायचा. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती.

त्या रात्रीसारखं धावून जायला तू तयार आहेस, हे कळलं. पण खरं काम त्याच्या कितीतरी आधीचं असतं. तोडायच्या झाडावर नोटीस चिकटवतात. आपण रोज तिच्या बाजूने जातो आणि वाचत नाही. तू वाच. तारखेसकट फोटो काढ. मग छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर लिही, ढोली आहे का, घरटं आहे का तेही लिही. राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीपासून पन्नाशी ओलांडलेलं झाड कायद्याने ‘वारसा वृक्ष’ धरतात, आणि वयाचा अंदाज घेरावरूनच बांधायचा असतो.

मी एकदा तीनशे सह्या गोळा केल्या होत्या. अर्जात एकाही झाडाचा नंबर नव्हता, ‘झाडे तोडू नयेत’ एवढंच. सुनावणीत साहेबांनी विचारलं, कुठलं झाड? मला सांगता आलं नाही. ती झाडं गेली. अजून त्या रस्त्याने जाताना घसा दाटतो.

आणि पाड्यांवर जा. आरेत २७ पाडे आहेत, वारली माणसं वाघोबाला पुजत पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिली आहेत. फलक घेऊन जाऊ नकोस. संध्याकाळी जा, दिवसा सगळी कामावर असतात. तोडायच्या झाडांच्या यादीत भलतंच नाव पडलेलं एक झाड शिवण आहे, हे मला तिथल्या एका मावशींनी पान चुरगाळून दाखवलं. त्यांच्याबरोबर चार फेऱ्या मारल्याशिवाय त्यांच्या वतीने बोलू नकोस, एवढं माझं ऐक.

पुनर्रोपण केलेली झाडंही बघत राहा. पाऊस संपला की त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही, आणि वाळतात ती तेव्हाच.

रविवारी सकाळी सातला गोरेगाव स्टेशनला पूर्वेला भेट. वही आण, खडू आण. शिंप्याची टेप नको, ती दीड मीटरची असते, रेन ट्रीला पुरत नाही.

तुझी,
ताई