‘उचललं’ आणि ‘अटक दाखवली’ यांच्यामधले तास : परदेशातून काय करता येतं

मुंबईत रात्रीचे अकरा म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत दुपारचा दीड. जेवणाच्या सुट्टीत फोन वाजतो आणि भांडुपहून वहिनी सांगते, “भाऊजी, रोहनला उचललंय. साध्या कपड्यात होते, चौकशीला नेतो म्हणाले.” कुठल्या ठाण्याचे, कशासाठी, काही माहीत नाही. बदलापूर, परभणी इथल्या ताब्यातल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून मनात साठलेला संताप अशा क्षणी एकदम वर येतो. तो रास्तच आहे. पण पहिल्या तासात तो समाजमाध्यमावर खर्च झाला, तर रोहनच्या हाती काही लागत नाही.

‘उचललं’ हा शब्द कायद्यात नाही. कायद्यात ‘अटक’ आहे, आणि अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. म्हणून नेलं रात्री अकराला आणि कागदावर अटक दाखवली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला, असं होतं. मारहाण बहुधा याच मधल्या तासांत होते, कारण कागदोपत्री तेव्हा माणूस ठाण्यात नसतोच. ज्या क्षणी माणसाच्या हालचालीवर बंधन आलं, त्या क्षणी अटक झाली, अधिकारी वहीत कोणतीही वेळ लिहो, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितलं आहे. पण तो क्षण कोणता, हे सिद्ध कोण करणार? ते तुम्ही करायचं. परदेशात बसून हे काम करता येतं, आणि मुंबईतल्या घाबरलेल्या घरापेक्षा कधीकधी जास्त शांतपणे करता येतं.

याचा सर्वांत ठळक दाखला मुंबईचाच आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया याला वाशीहून नेलं गेलं आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात चकमकीत तो मारला गेल्याचं सांगण्यात आलं. त्याचा भाऊ वकील. भावाला नेल्याचं कळताच, चकमकीची बातमी यायच्या आधी, त्याने वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. त्यांवरच्या वेळा पुढे फार मोलाच्या ठरल्या. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवलं. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने बहुतेक पोलिसांची शिक्षा कायम ठेवली आणि सुटलेले अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप दिली. शर्मा यांनी त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील केलं आहे. तारा आता बंद झाल्या, त्यांची जागा ईमेलने घेतली आहे.

म्हणून पहिल्या अर्ध्या तासात एकच ईमेल लिहायचा. तो स्थानिक ठाण्याचे वरिष्ठ पोलीस निरीक्षक, त्या परिमंडळाचे पोलीस उपायुक्त, मुंबईचे पोलीस आयुक्त आणि राज्याचे पोलीस महासंचालक यांना एकाच वेळी जाऊ द्या, प्रत तुमच्या वकिलाला. मजकूर साधारण असा:

“माझा पुतण्या (पूर्ण नाव, वय २४, पत्ता) याला आज रात्री १०.४० वाजता भांडुप पश्चिम येथील राहत्या इमारतीच्या गेटवरून साध्या वेशातील चार व्यक्तींनी पोलीस असल्याचे सांगून पांढऱ्या गाडीतून नेले. गाडी क्रमांकाचे शेवटचे चार अंक (…). ठाण्याचे नाव वा कारण सांगितले नाही. नेताना त्याच्या अंगावर कोणतीही जखम नव्हती. त्याला दमा असून इनहेलर सोबत नाही. तो कोणत्या ठाण्यात आहे ते कळवावे, वकिलांना भेटू द्यावे, वैद्यकीय तपासणी करावी आणि ठाण्यातील आजचे सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करावे.”

यातलं ‘नेताना अंगावर जखम नव्हती’ हे वाक्य विसरू नका. पुढे ‘तो आधीच कुठेतरी मार खाऊन आला होता’ असा बचाव आला, तर तुमचा रात्री अकराचा ईमेल त्याला उत्तर देतो. ईमेलमध्ये आरोप नको, विशेषणं नकोत, निष्पाप असल्याची ग्वाहीही नको. त्याने काही केलंय की नाही हा इथे प्रश्नच नाही. खिसेकापूलाही मारायचा अधिकार पोलिसांना नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना समजावून सांगावं लागतं. ‘उगाच कशाला नेतील?’ हा विचार आपल्याच मनात घर करून असतो, आणि त्यामुळे मोलाचे तास जातात.

वहिनीला किंवा शेजाऱ्याला त्याच वेळी दुसरं काम द्या. सोसायटीच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण लगेच पेन ड्राइव्हवर घ्यायचं. डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारं यंत्र) भरला की जुनं पुसलं जातं, कुठे सात दिवसांत, कुठे पंधरा. शिवाय डीव्हीआरचं घड्याळ बऱ्याचदा दहा-वीस मिनिटं मागेपुढे असतं. म्हणून त्याच्या पडद्याचा आणि शेजारी धरलेल्या मोबाइलच्या घड्याळाचा एकत्र फोटो काढायचा, म्हणजे फरक नोंदला जातो. व्हिडिओ व्हॉट्सॅपवर पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. एरवी तो दाबला जातो आणि मूळ फाइलमधली माहिती निघून जाते. मूळ फाइल ज्या फोनवर आहे तो फोन विकू नका, रीसेट करू नका, कारण न्यायालयात त्या उपकरणाचं प्रमाणपत्र लागतं. रोहनच्या फोनचं शेवटचं ठिकाण घरच्या कुणाच्या लॉगिनमधून दिसत असेल, तर त्याचाही स्क्रीनशॉट.

ठाण्यात एकट्याने जाऊ नये. वकील आणि एक शांत माणूस एवढे पुरे. तिथे विचारायचं ते हे: अटक केली आहे का, केली असेल तर अटक पंचनाम्यावर वेळ काय लिहिली आहे आणि साक्षीदार कोण, नसेल केली तर नोटीस कुठे आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून पक्कं आहे आणि आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ३५ मध्ये आहे. बाई असेल, १५ वर्षांखालचा मुलगा असेल, साठीच्या पुढचे गृहस्थ असतील, तर साक्षीदार म्हणून जबाबासाठी त्यांना ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या प्रकरणात हे सर्व गुन्ह्यांसाठी स्पष्ट केलं. ठाणे अंमलदार ‘इथे असं कुणी नाही’ म्हणाले, तर ठाण्यात गेलेल्यांनी वाद न घालता ती वेळ आणि त्यांच्या छातीवरच्या पट्टीचं नाव लिहून घ्यावं आणि तुम्हाला कळवावं. तुम्ही लगेच दुसरा ईमेल पाठवा: ‘११.५५ वाजता ठाण्यात विचारणा केली, नकार मिळाला.’ सकाळपर्यंत पत्ता नसेल, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे माणसाला न्यायालयापुढे हजर करा असा अर्ज याच दोन ईमेलांवर उभा राहतो.

कोऱ्या कागदावर सही कुणीही करायची नाही. ‘मिटवून टाकू’ म्हणून पैसे मागितले, तर परदेशातून पाठवू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक मुंबईतल्या माणसाने फिरवायचा. नगरसेवक किंवा ओळखीच्या साहेबांना फोन करायला हरकत नाही, मुलगा कुठे आहे हे त्यांच्याकडून लवकर कळतंही. पण तो फोन ईमेल गेल्यानंतर. ओळखीची नोंद कुठेच राहत नाही.

आता सगळ्यांत नाजूक जागा. रोहनला न्यायालयात उभं करतात तेव्हा न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ तो गप्प राहिला की रिमांडच्या आदेशात ‘तक्रार नाही’ असे दोन शब्द पडतात, आणि पुढची अनेक वर्षं ते दोन शब्द त्याच्याविरुद्ध वाचून दाखवले जातात. तो गप्प का राहतो, हे समजून घ्या. ‘बोललास तर परत कोठडीतच यायचंय’ असं त्याला आदल्या रात्री सांगितलेलं असतं. ही धमकी आता पूर्वीपेक्षा खरी आहे, कारण जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत १५ दिवसांची पोलीस कोठडी एकदम न घेता, गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. म्हणून वकिलाने सुनावणीआधी दोन मिनिटं मागून घ्यावीत आणि मुलाला एकच गोष्ट सांगावी: कुठे मारलं, कशाने मारलं, किती वाजता, एवढं बोल, शर्ट वर करून दाखव. वकिलाने त्याच वेळी लेखी अर्ज द्यावा, जखमा नोंदवाव्यात आणि सरकारी रुग्णालयात तपासणीचा आदेश मागावा. वकील परवडत नसेल तर मुंबईत १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाकडे मागता येतो. वकीलपत्रावर सही मात्र रोहनचीच लागते. काकांच्या मुखत्यारपत्रावर आरोपीचा बचाव उभा राहत नाही, आणि परदेशातली मंडळी नेमका यात आठवडा घालवतात.

तपासणीबद्दल थोडं सविस्तर. अटकेनंतरच्या वैद्यकीय अहवालात अंगावरच्या जखमा आणि त्या अंदाजे केव्हा झाल्या, हे लिहिणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि त्याची प्रत आरोपीला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला मिळते. ती मागा. मुलगा सुटून घरी आला असेल तर त्याच दिवशी केईएम, नायर, सायन, कूपर अशा महापालिकेच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या आणि केसपेपरवर ‘पोलिसांनी मारहाण केली’ असं लिहून घ्या. लोक भीतीने ‘जिन्यावरून पडलो’ सांगतात आणि तिथेच केस संपते. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दिसतात, म्हणून तीन दिवस रोज, दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी धरून फोटो काढा. तळपायावरचा मार वरून फारसा दिसत नाही, तो डॉक्टरांना मुद्दाम दाखवावा लागतो. आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, तर थांबू नका. जबर मारात स्नायू फुटतात, त्यातलं द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जातं आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. सीपीके आणि क्रिएटिनिन या दोन रक्ततपासण्या लगेच व्हायला हव्यात. बाहेरून धडधाकट दिसणारा पोरगा दोन दिवसांनी यानेच कोसळतो.

ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात दिला: प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, सगळीकडे आवाजासह चित्रीकरण आणि साठवण १८ महिने, अगदीच नाही तर किमान एक वर्ष. प्रत्यक्षात ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर येतं. म्हणून जतन करण्याची मागणी पहिल्याच ईमेलमध्ये आहे. ती वेळेवर केलेली असली, तर बंद कॅमेऱ्याचा जाब पोलिसांना द्यावा लागतो. माहितीच्या अधिकारात ठाणे दैनंदिनी आणि त्या रात्रीची ड्युटीची यादीही मागता येते, आणि जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते. पण हा अधिकार फक्त भारतीय नागरिकांचा आहे. तुमच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) असेल तर अर्ज मुंबईतल्या नातेवाइकाच्या नावाने करा, नाहीतर तो तेवढ्यावरून फेटाळला जातो.

तक्रारीच्या वाटा अनेक आहेत, पण सगळ्या सारख्या नाहीत. गुन्हा नोंदवायचा ईमेल परदेशातून पाठवता येतो, मात्र तीन दिवसांत त्यावर तक्रारदाराची सही लागते. म्हणून तक्रारदार मुंबईत असलेलाच बरा. ठाण्याने नकार दिला की उपायुक्त, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज. राज्य मानवी हक्क आयोगाकडे पीडिताच्या वतीने कुणीही लिहू शकतं, त्यासाठी मुखत्यारपत्र लागत नाही, म्हणून ही वाट परदेशातल्यांना सोपी. पोलीस सुधारणांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती होऊन राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी या तक्रारी तिथे चालतात. जिथे मुखत्यारपत्र खरंच लागतं, म्हणजे कागदपत्रं उचलायला वगैरे, तिथे ते ॲपोस्टिल (परदेशातला कागद खरा असल्याचं तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र) किंवा भारतीय वकिलातीचा शिक्का घेऊन पाठवा आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा.

सुट्टीवर आलेल्या तुमच्या मुलालाच नेलं असेल आणि त्याचा पासपोर्ट परदेशी असेल, तर त्याने एक वाक्य पाठ ठेवावं: ‘माझ्या देशाच्या वकिलातीला कळवा.’ १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार तो त्याचा हक्क आहे. पासपोर्ट पोलीस ताब्यात घेऊ शकतात, पण कायम अडकवून ठेवायचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्यांचा आहे.

‘निलंबित केलं’ या बातमीवर विसंबू नका. ख्वाजा युनूस हा २७ वर्षांचा परभणीचा इंजिनिअर, दुबईत नोकरीला होता. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर स्फोटानंतर त्याला पकडलं आणि जानेवारी २००३ मध्ये तो पोलिसांच्या ताब्यातून कायमचा नाहीसा झाला. गुन्हे अन्वेषण विभागाने १४ पोलिसांवर ठपका ठेवला, सरकारने खटल्याला परवानगी दिली फक्त चौघांविरुद्ध. निलंबित झालेले २०२० मध्ये सेवेत परत आले. त्याची आई आसिया बेगम वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली.

आणि म्हणूनच घटनेच्या दिवशीच कॅलेंडरवर तीन तारखा मांडून ठेवा. पहिली, सहा महिन्यांची: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ चा आधार घेऊन पोलिसांचे वकील उशिरा दाखल झालेला खटला उडवायला बघतात, तेव्हा न्यायालयातला अर्ज त्याआधी जायला हवा. दुसरी, एक वर्षाची: मानवी हक्क आयोग त्यानंतर तक्रार घेत नाही. तिसरीही एक वर्षाचीच, ठाण्यातल्या चित्रीकरणाची. पण तिची वाट बघू नका, ती मागणी त्या रात्रीच गेलेली असावी.