वई म्हणजे हद्द नव्हे

प्रश्न : आमचं घर गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत आहे. शेजारचा रायवळ आंबा आमच्या न्हाणीघरावर आलाय, दर वैशाखात कौलं फुटतात. शेजारी मुंबईला असतात, फोन केला की ‘गणपतीला आलो की बघू’ म्हणतात. मधला गडगा (रचलेल्या दगडांची बुटकी भिंत) गेल्या पावसात ढासळला, तो कोणी घालायचा? पुढे त्यांनी लावलेली शेराची वई (चिकाच्या शेर झाडाचं जिवंत कुंपण) आहे, ती आमच्या अंगणात सरकलीये असं सासूबाई म्हणतात. फांदी आम्ही तोडली तर चालेल का? आणि पडलेले आंबे कोणाचे? – एक वाचक

उत्तर : ताई, सासूबाईंचं आधी घेतो, बाकी सगळं त्यावरच अडलंय. वई सरकते, खरंच सरकते. जुना शेर मेला की नवा खुंट रोवतात. रोवणारा जुन्या बुंध्यांच्या जाळीत कशाला खणत बसेल? वीतभर पुढे मोकळ्या मातीत रोवतो, आणि ‘पुढे’ म्हणजे कोणाच्या बाजूला, ते सांगायला नको. भूकरमापक म्हणून नोकरीत असताना एका मोजणीत हद्दीचा दगड सापडेना. नकाशावरून माप टाकलं तर तो वईच्या पार आत, पावणेदोन मीटरवर, पाचोळ्याखाली निघाला. वईवाल्या घरचा म्हातारा दगडाकडे बघत राहिला. ‘बाबांनी लावलेली ही वई,’ एवढंच म्हणाला.

तेव्हा आधी तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमि अभिलेख कार्यालयात ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज करा. शेजाऱ्यांना नोटीस जाते, म्हणजे ‘मला न सांगता मोजलं’ म्हणायला जागा उरत नाही. मोजणी पटली नाही तर निमताना, म्हणजे फेरतपासणीची मोजणी मागता येते. आणि दगड सापडला की तो जपायचा. जमीन महसूल संहितेप्रमाणे हद्दीच्या खुणा शाबूत ठेवणं हे जमीनधारकाचंच काम आहे.

आता आंबा. आपल्या जागेवर आलेली फांदी हद्दीपर्यंत छाटायचा हक्क तुम्हाला आहे. किती वर्षं ती तुमच्या कौलांवर होती, याने झाडवाल्याचा हक्क तयार होत नाही. पण पलीकडे पाऊल टाकायचं नाही, खोडाला करवत लावायची नाही. आंबा १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या, परवानगीशिवाय न तोडायच्या झाडांच्या यादीत आहे (फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळही), आणि झाड मरेल अशी छाटणीही अंगाशी येते. शहरात राहणाऱ्या वाचकांनी तर फांदीलाही आधी पालिकेत विचारावं, तिथे १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. तोडण्याआधी शेजाऱ्यांना फोटोसकट लेखी कळवा, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने. नुसत्या फोनला पुरावा नसतो. तोडलेलं लाकूड त्यांचं, ते गडग्यापाशी रचून ठेवा.

फांदी नव्हे, अख्खं झाडच घरावर कलंडलं असेल तर गणपतीची वाट बघू नका. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असतात. पडायच्या बेतातलं झाड काढायचा किंवा त्याला आधार द्यायचा आदेश ते देऊ शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली होतं, आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२.

आंबे कायद्याने झाडवाल्याचे. वाडीत मात्र खाली पडलेला रायवळ मागायला कोणी आलेलं मी तरी पाहिलं नाही. खा.

गडगा ज्याने घातला त्याचा. सामायिक असल्याचा कागद असेल तरच निम्मा खर्च मागा. पण मोजणीआधी एक चिराही रचू नका, नाहीतर तोच पुन्हा उचलावा लागेल.

आणि वईत शिरायची वेळ आली तर डोळे सांभाळा. असाच एक दगड शोधताना मी कोयतीने शेर छाटला आणि चीक डोळ्यात उडाला. पाण्याने कितीही धुतलं तरी आग जाईना. दोन दिवस डोळा उघडला नाही, तो नकाशा सहकाऱ्याने पुरा केला.