गाठ दुर्मिळ निघाली तर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

वर्षाला एक लाख लोकसंख्येमागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण आढळतात, तो कर्करोग दुर्मिळ, अशी व्याख्या युरोपातल्या संशोधकांनी केली आहे. स्तनाच्या कितीतरी गाठी या रेषेखाली येतात. त्यांच्यावरचे संशोधन थोडे आणि विखुरलेले असल्यामुळे घरच्यांचा गोंधळ जास्त होतो. या अंकात अशाच गाठींबद्दल वाचकांनी पाठवलेल्या पत्रांना उत्तरे देत आहोत.

प्रश्न: माझ्या पत्नीच्या स्तनातली गाठ सुईतपासणीत फायब्रोअॅडिनोमा ठरली होती. ती एकाएकी वाढली म्हणून काढली, तर रिपोर्ट आला ‘बॉर्डरलाइन फायलोड्स ट्यूमर’. आधीची तपासणी चुकली का? पुन्हा शस्त्रक्रिया लागेल का? काखेतल्या ग्रंथी का काढल्या नाहीत?

तपासणी चुकलीच असे म्हणता येणार नाही. फायब्रोअॅडिनोमा ही नेहमी आढळणारी साधी गाठ आणि फायलोड्स ही तिच्यासारखीच दिसणारी दुर्मिळ गाठ, या दोन्ही ग्रंथींच्या पेशी आणि त्यांच्या भोवतीचा आधार-ऊतक, म्हणजे स्ट्रोमा, यांच्या मिळून बनतात. फरक असतो तो स्ट्रोमात. बारीक सुईने फक्त सुट्या पेशी ओढल्या जातात, रचना हाती येत नाही. कोअर बायोप्सीत, म्हणजे जाड सुईने काढलेल्या तुकड्यात, रचना दिसते, पण गाठीच्या एका कोपऱ्यातली. एकाच गाठीचा एक भाग साध्या फायब्रोअॅडिनोमासारखा आणि दोन सेंटिमीटर पलीकडचा भाग पेशींनी गच्च भरलेला असू शकतो. म्हणून कोअर बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘फायब्रोएपिथेलियल गाठ, स्ट्रोमात पेशी वाढलेल्या’ असे लिहिलेले असेल, किंवा गाठ काही महिन्यांत झपाट्याने वाढली असेल, तर वाट न पाहता ती पूर्ण काढून तपासणे हेच योग्य. सोनोग्राफी किंवा एमआरआय यांवरून या दोन गाठींत खात्रीने निवाडा होत नाही.

आता रिपोर्ट पुन्हा वाचा. बॉर्डरलाइन, म्हणजे सौम्य आणि घातक यांच्या मधली, हा शब्द पाच गोष्टी पाहून ठरतो: स्ट्रोमात पेशी किती दाट आहेत, त्यांचा आकार किती बिघडला आहे, विभाजन होणाऱ्या पेशी किती आहेत, ग्रंथी मागे पडून नुसता स्ट्रोमाच उरलेली जागा आहे का, आणि गाठीची कड गुळगुळीत आहे की आजूबाजूच्या ऊतकात घुसलेली. विभाजनाची मोजणी सूक्ष्मदर्शकाच्या दहा मोठ्या क्षेत्रांत करतात: पाचपेक्षा कमी असतील तर सौम्य, ५ ते ९ बॉर्डरलाइन, १० किंवा अधिक असतील तर घातक. सगळ्याच सूक्ष्मदर्शकांचे क्षेत्र सारख्या आकाराचे नसते, म्हणून आता ही संख्या चौरस मिलिमीटरमागेही देतात. मात्र एकट्या आकड्यावर निर्णय होत नाही. पाचही गोष्टी रिपोर्टमध्ये नसतील तर त्या लिहून मागा. आणखी एक गोष्ट विचारा: गाठीचे किती तुकडे तपासले? दर सेंटिमीटरला किमान एक ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला ऊतकाचा तुकडा, हा नेहमीचा दंडक आहे. आठ सेंटिमीटरच्या गाठीचे तीनच ब्लॉक घेतले असतील, तर घातक भाग तपासायचा राहून गेलेला असू शकतो.

शस्त्रक्रियेचे म्हणाल तर, भोवतीचे एक सेंटिमीटर निरोगी ऊतक काढायचे हा नियम बरीच वर्षे चालत आला. तो जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून बांधलेला आहे. रुग्णांची गटांत विभागणी करून केलेल्या चाचण्यांचा आधार त्याला नाही. सौम्य गाठीत मार्जिन, म्हणजे गाठीभोवती काढलेली निरोगी ऊतकाची कड, नुसते अरुंद आहे एवढ्यावरून पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह आता मागे पडला आहे. घातक गाठीत मोकळे, रुंद मार्जिन मिळवायलाच हवे. तुमच्या पत्नीची गाठ या दोन्हींच्या मधली आहे. गाठ काढलेल्या ऊतकाच्या शाई लावलेल्या कडेला भिडली असेल तर पुन्हा काढावे. कड मोकळी पण काही मिलिमीटरचीच असेल, तर पेशींचा बिघाड, विभाजनाची संख्या, स्ट्रोमाची अतिवाढ आणि मार्जिन हे चारही एकत्र मांडून सर्जनशी बोला. सिंगापूरच्या संशोधकांनी पुनरुद्भवाचा, म्हणजे गाठ परत येण्याचा, अंदाज बांधण्यासाठी तयार केलेले गणित याच चार घटकांवर चालते.

रेडिएशनबाबत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास उपयोगी आहे. बॉर्डरलाइन आणि घातक गाठींच्या ४६ स्त्रियांना, स्तन राखून व मार्जिन मोकळे ठेवून शस्त्रक्रिया केल्यावर रेडिएशन दिले. सरासरी साडेचार वर्षांहून थोड्या अधिक पाठपुराव्यात एकीलाही त्याच जागी गाठ परत आली नाही. निकाल आशादायक आहे, पण तुलनेसाठी रेडिएशन न दिलेला गट नव्हता. त्यामुळे जागेवरचा पुनरुद्भव आटोक्यात राहतो असे दिसते. आयुर्मान वाढते असे त्यावरून म्हणता येत नाही.

काखेचे उत्तर सोपे आहे. ही गाठ पसरलीच तर रक्तावाटे, मुख्यतः फुप्फुसांत. काखेतल्या ग्रंथींत ती क्वचितच जाते, म्हणून त्या सरसकट काढल्या तर हाताला सूज येण्याचा धोका पदरी पडतो आणि फायदा काहीच होत नाही. आणि रिपोर्टमध्ये ‘ईआर पॉझिटिव्ह’, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनला प्रतिसाद देणारी खूण, दिसले तर कोणी टॅमॉक्सिफेन ही हार्मोनविरोधी गोळी सुचवू नये: ती खूण ग्रंथींच्या पेशींत असते, गाठीचे वागणे ठरवणाऱ्या स्ट्रोमात नाही. परत येणाऱ्या बहुतेक गाठी पहिल्या दोन-तीन वर्षांत येतात, तेव्हा त्या काळात दर सहा महिन्यांची तपासणी चुकवू नका.

प्रश्न: बहिणीच्या रिपोर्टमध्ये ‘स्पिंडल सेल लिजन’ एवढेच लिहिले आहे. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घ्या म्हणतात. त्यात वेळ जाणार नाही का? सोबत काय न्यायचे?

जाऊ द्या तो वेळ. स्पिंडल सेल म्हणजे लांबट पेशी. हे वर्णन आहे, निदान नव्हे. तसे दिसणारे चार वेगळे रोग असू शकतात: मेटाप्लास्टिक कार्सिनोमा (पेशींनी रूप बदललेला स्तनाचा कर्करोग), घातक फायलोड्स, फायब्रोमॅटोसिस (तंतुमय ऊतकाची गाठ) आणि सार्कोमा (आधार-ऊतकाचा कर्करोग). त्यांचे उपचार एकमेकांशी जुळत नाहीत. मेटाप्लास्टिक कार्सिनोमात काखेतल्या ग्रंथी तपासाव्या लागतात आणि किमोचा विचार करावा लागतो. फायब्रोमॅटोसिस दूरवर पसरतच नाही. ही गाठ घाईने कापली तर तिथेच परत येऊ शकते, आणि आता बऱ्याचदा आधी नुसती देखरेखच ठेवतात. वाढणाऱ्या डेस्मॉइड गाठींसाठी, म्हणजे याच रोगासाठी, निरोगॅसेस्टॅट हे औषध १४२ रुग्णांच्या चाचणीत प्लॅसिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी, ताडून पाहिले गेले. दोन वर्षांनी रोग न वाढलेले रुग्ण औषधाच्या गटात ७६ टक्के होते, प्लॅसिबोच्या गटात ४४ टक्के. अमेरिकेत त्याला २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

निवाडा होतो तो विशेष रंगकामाने, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून दाखवणाऱ्या तपासणीने. इथे नेहमीची चूक म्हणजे कार्सिनोमाची खूण असलेल्या सायटोकेराटिन (थोडक्यात केराटिन) या प्रथिनाचा एकच प्रकार लावून ‘निगेटिव्ह’ म्हणणे. मेटाप्लास्टिक कार्सिनोमात केराटिन ठिपक्यांसारखे विरळ उमटते, म्हणून चार-पाच वेगवेगळी केराटिन आणि सोबत पी-६३ ही आणखी एक खूण लावायला हवी. सीडी-३४ ही खूण फायलोड्सकडे बोट दाखवते. पेशीच्या केंद्रकात उमटलेले बीटा-कॅटेनिन फायब्रोमॅटोसिसकडे. यातले कोणतेही एकटे पुरेसे नाही, कारण घातक फायलोड्समध्येही कधीकधी थोडे केराटिन उमटते.

सोबत न्या: सर्व रंगवलेल्या स्लाइड्स, गाठीचा चांगला भाग असलेला किमान एक पॅराफिन ब्लॉक, आधीचे सगळे रिपोर्ट, मॅमोग्राफी व सोनोग्राफीचे अहवाल, आणि शस्त्रक्रिया झाली असल्यास तिची नोंद. ब्लॉक घेताना पावती करा. सगळे ब्लॉक एकदम कुरिअरने पाठवू नका, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मेण मऊ पडते.

शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर ऊतकाची हाताळणी आधीच बोलून घ्या. फॉर्मेलिन ऊतकात तासाला साधारण एक मिलिमीटर इतक्या संथ वेगाने शिरते. दहा सेंटिमीटरची गाठ अख्खी बरणीत टाकून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी ती बाहेरून घट्ट, राखाडी आणि मधोमध मऊ, लालसर, कुजायला लागलेली असते. त्या भागावर ना विभाजन मोजता येते, ना जनुकीय चाचणी नीट होते. म्हणून ती तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावी, कडांना शाई लावून पाच मिलिमीटरच्या चकत्या कराव्यात आणि मग दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये ६ ते ७२ तास ठेवाव्यात.

प्रश्न: आईला ‘अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा’, ट्रिपल निगेटिव्ह. ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे किमो हवीच ना?

नाही. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणजे ईआर, पीआर आणि हर-२ या तीन खुणा नाहीत, एवढेच. नेहमीच्या रूपातला अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा संथ असतो, काखेत क्वचित जातो, आणि पूर्ण काढल्यावर बहुतेकींना किमोची गरज पडत नाही. अपवाद सॉलिड-बेसलॉइड प्रकाराचा. तो जास्त आक्रमक असतो. रिपोर्टमध्ये प्रकार लिहिलेला नसेल तर विचारा. फुप्फुसांत उशिरा, अनेक वर्षांनीही, गाठ येऊ शकते, म्हणून पाच वर्षांनी तपासण्या थांबवू नका.

सिक्रेटरी कार्सिनोमा या दुसऱ्या दुर्मिळ स्तनकर्करोगाचेही असेच. त्यात ईटीव्ही-६ आणि एनटीआरके-३ ही दोन जनुके जोडली गेलेली असतात. रोग पसरलेलाच असेल तर या जोडणीवर नेमके काम करणारे लॅरोट्रेक्टिनिब हे औषध उपलब्ध आहे.

प्रश्न: सहा वर्षांपूर्वी स्तनाला रेडिएशन झाले. आता त्वचेवर जांभळट डाग आहे, मार लागलेला नाही. मॅमोग्राफी नॉर्मल आहे.

या आठवड्यातच दाखवा. रेडिएशननंतर काही वर्षांनी त्वचेत रक्तवाहिन्यांचा कर्करोग, अँजिओसार्कोमा, होऊ शकतो. तो फार क्वचित होतो, पण सुरुवातीला तो मुका मार किंवा पुरळ वाटतो आणि मलमांत महिने जातात. मॅमोग्राफीत तो दिसेलच असे नाही. त्वचेची पूर्ण जाडीची बायोप्सी हवी. ती सौम्य आली आणि डाग पसरतच असेल, तर दुसऱ्या जागेची पुन्हा घ्या. कडेच्या भागात बदल सौम्य दिसतात. अशा वेळी मिक (MYC) या जनुकाच्या वाढलेल्या प्रती तपासल्यास सौम्य आणि घातक वेगळे करायला मदत होते.

प्रश्न: पत्नीला मेटाप्लास्टिक कार्सिनोमासाठी संशोधन-चाचणीत सामील व्हा म्हणतात. निम्म्या रुग्णांना खोटे औषध देतात का?

दुर्मिळ गाठींच्या चाचण्यांत सहसा नाही. दोन गट करण्याइतके रुग्णच मिळत नाहीत, म्हणून अनेक चाचण्यांत सर्वांना तेच औषध देतात. अमेरिकेतल्या ‘डार्ट’ चाचणीत इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधे एकत्र दिली. मेटाप्लास्टिक गटात १७ रुग्ण होते. तिघांच्या गाठी लक्षणीय आकसल्या आणि तो परिणाम दोन वर्षांहून जास्त टिकला. बाकी १४ जणांच्या गाठी तेवढ्या आकसल्या नाहीत. हा आकडा असाच दोन्ही बाजूंनी वाचा. या औषधांनी शरीराच्या ग्रंथी, उदाहरणार्थ मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल, कायमच्या मंदावू शकतात, हेही संमतिपत्रात शोधा.

सही करण्यापूर्वी विचारा: नवी बायोप्सी लागेल का, ऊतक कुठे व किती काळ ठेवणार, जनुकीय निष्कर्ष आम्हाला कळवणार का, दुष्परिणाम झाल्यास उपचारांचा खर्च कोण करणार. चाचणीत कधीही माघार घेता येते आणि त्याने नेहमीच्या उपचारांवर परिणाम होऊ नये. आणि हे सगळे पुढची किमो सुरू होण्याआधी विचारा. बऱ्याच चाचण्यांत आधी किती प्रकारची औषधे झाली याला मर्यादा असते, शिवाय शेवटच्या डोसनंतर काही आठवड्यांचे अंतरही मागतात. घाईने दिलेल्या एका डोसामुळे तेवढे आठवडे थांबावे लागते.